'ठीक आहे' म्हणजे नेमके काय?

मराठीत 'ठीक आहे' हे दोन शब्द निदान सात-आठ तऱ्हांनी म्हणता येतात. 'चार वाजता ये' याला उत्तर म्हणून आलेले 'ठीक आहे' सरळ असते. 'आई, यंदा दिवाळीला आम्हाला जमणार नाही' यानंतर आलेले 'ठीक आहे' मुळीच ठीक नसते. सुनेने केलेले उकडीचे मोदक खाऊन सासूबाई 'ठीक आहेत' म्हणाल्या, तर ते प्रशस्तिपत्र की शेरा, हे त्या घरातली माणसेच सांगू शकतात. त्यात 'च' घातला की आणखी पंचाईत. 'कसं चाललंय?' याला 'ठीकच आहे' असे उत्तर आले, की समोरच्याने खुर्ची ओढून बसावे हे उत्तम. आवाज कुठे चढला, कुठे रेंगाळला, बोलणाऱ्याने त्या वेळी कुणाकडे पाहिले, यावरून आपण अर्थ लावतो. आणि तो लावला हे आपल्या ध्यानातही येत नाही.

आता हेच दोन शब्द मोबाइलच्या पडद्यावर आले असे धरा. आवाज नाही, चेहरा नाही. शेजारी दोन निळ्या खुणा तेवढ्या. (व्हॉट्सअ‍ॅपने या निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आणल्या. 'वाचलं तर होतंस, मग उत्तर का नाही?' हे भांडण त्याआधी मराठी घरांत होत नसे.) मुलगा डब्लिनला, सून त्याच्यासोबत, आई मिरजेला, किंवा नवरा जहाजावर आणि बायको ठाण्याला. अशी कितीतरी नाती आज लिहिलेल्या चार-सहा शब्दांवर तग धरून आहेत. लग्ने जुळतात तीही आधी पडद्यावर.

या लिहिलेल्या शब्दांचा अर्थ लावण्यात आपण किती कच्चे असतो, हे अमेरिकेतल्या जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. विद्यार्थ्यांना काही वाक्ये दिली. काही मनापासून म्हणायची, काही उपरोधाने. काही वाक्ये ई-मेलने पाठवायची, काही आवाजात सांगायची. ऐकणारा किंवा वाचणारा आपला रोख किती वेळा बरोबर ओळखेल, असे पाठवणाऱ्यांना विचारले, तेव्हा दोन्ही बाबतींत त्यांचा अंदाज सारखाच होता : शंभरात सुमारे ७८ वेळा. प्रत्यक्षात आवाजावरून ७३ वेळा ओळखले गेले. ई-मेलवरून ५६ वेळा. नुसते नाणे उडवले असते तरी ५० आले असते! वाईट म्हणजे, वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखले याचा पुरता भरवसा होता.

मग या कोंडीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आलेला निरोप यंत्रापुढे ठेवायचा आणि विचारायचे, 'याचा अर्थ काय? ती रागावली आहे का? मी काय उत्तर देऊ?' तरुण मंडळी हे सर्रास करतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापकही करतात, सुनेला निरोप पाठवण्याआधी. 'टोचतं का बघून घेतो,' म्हणतात. ऐकणाऱ्याला हसू येते खरे, पण निदान एवढी काळजी घ्यावी असे त्यांना वाटले, ही काही हसण्याची गोष्ट नव्हे.

भावना दुसऱ्याच्या शब्दांत पाठवणे आपल्याला नवे नाही. माझ्या लग्नात ज्या शुभेच्छांच्या तारा आल्या, त्यांतल्या बहुतेकींत तेच एक वाक्य होते, तेही इंग्रजीत. तार ऑफिसात ठरावीक वाक्यांची यादी असे आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक. दिवाळीला अमुक, परीक्षेतल्या यशाला तमुक. आपण फॉर्मवर क्रमांक लिहायचा. पलीकडचे ऑफिस वाक्य उमटवून देई. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, तोवर हे चालू होते. त्यात आपली फसवणूक झाली असे कुणाला वाटले नाही, कारण वाक्य सरकारी आहे हे सर्वांनाच माहीत होते. आपलेपणा होता तो पाठवणारा उन्हातून तार ऑफिसपर्यंत गेला यात.

मुंबईत जीपीओसमोर पत्रे लिहून देणारे लोक बसत. लिहिता न येणारी गिरणीतली, गोदीतली, घरकाम करणारी माणसे त्यांच्यासमोर उकिडवी बसून गावाकडची पत्रे सांगत. शब्द लेखनिकाचे, मन सांगणाऱ्याचे. पण त्या लेखनिकाला एक सोय होती, सांगणाऱ्याचा चेहरा त्याच्यासमोर असे. 'पैसे पुढच्या महिन्यात पाठवतो' असे सांगताना माणूस अडखळला, तर ते त्याला दिसे.

यंत्राला हे दिसत नाही. तरीही यंत्रापुढे माणसे मन मोकळे करतात, हे फार पूर्वी ध्यानात आले होते. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा एक प्रोग्राम जाहीर केला. मनोविकारतज्ज्ञासारखा तो बोलणाऱ्याचेच वाक्य उलटून प्रश्न करी. 'माझं वडिलांशी पटत नाही' म्हटले, की 'तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा.' एवढेच. त्याला काहीही समजत नव्हते. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीला हे पक्के ठाऊक होते, कारण तो प्रोग्राम घडताना तिने पाहिला होता. तरी थोडे बोलून झाल्यावर तिने साहेबांना विनंती केली, की आपण जरा खोलीबाहेर जाता का? लहानपणी नाझी जर्मनीतून निसटलेला हा माणूस त्या प्रसंगाने इतका अस्वस्थ झाला, की पुढे १९७६ साली त्याने यंत्राकडे कोणती कामे सोपवू नयेत यावर एक अख्खे पुस्तक लिहिले.

आजची यंत्रे एलायझापेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत. पण माझा विषय यंत्र नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न आहे, किंवा नाही आहे. दोघांची परवानगी घेऊन, नावे वगळून सांगतो.

भाची एकतीस वर्षांची, स्टुटगार्टला एका कारखान्यात इंजिनिअर. मुलगा चिंचवडचा, सॉफ्टवेअरमध्ये. विवाहजुळणीच्या एका संकेतस्थळावर ओळख झाली. सात महिने निरोपांची देवघेव, मध्यंतरी ती सुट्टीला आली तेव्हा दोन भेटी. दोन्ही घरे खूश. बहिणीने हॉलची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मुलगा भेटीत अबोल वाटला, पण लिहायचा फार सुंदर, असे भाचीचे म्हणणे. तिच्या कामातल्या कटकटींवर तो लांबलचक, समजूतदार उत्तरे पाठवी. त्यांतली काही तिने मला कौतुकाने दाखवलीही होती. 'तुझ्या भावना पूर्णपणे वैध आहेत' असे एक वाक्य त्यात होते. मी सदतीस वर्षे बँकेत काढली. 'वैध' हा शब्द मी धनादेशाच्या बाबतीत वापरला आहे, आणि तीही वैधता २०१२च्या एप्रिलपासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. भावनेला हा शब्द लावणारा मराठी माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी काही बोललो नाही. हल्लीची मुले बरेच काही इंग्रजीतून विचार करून मराठीत लिहितात.

एका रविवारी त्याचा निरोप आला. तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या आजारपणाविषयी होता. अगदी हळुवार. आणि त्याच्या वरच्या बाजूला, खोडायची राहून गेलेली एक ओळ : 'येथे अधिक आपुलकीचा मसुदा देत आहे.'

भाचीचा मला फोन आला तेव्हा तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. रडत नव्हती. 'मामा, मला फक्त एवढं सांग, सात महिने मी कुणाशी बोलत होते?'

या प्रश्नाला तत्काळ देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि मी दिलेही नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. भेटायला आला. 'काका, तुम्ही मला खोटारडा म्हणाल,' अशी सुरुवात केली. मी म्हटले, 'आधी बसा, चहा घ्या.' मग हळूहळू बोलला. त्याच्या घरात कुणी असे बोलतच नाही. वडील कंपनीतून आले की 'हं' म्हणत, जेवण आवडले तरी 'हं', त्याला नोकरी लागली तेव्हाही 'हं'. आईला काही दुखले-खुपले तर ती भांडी जोरात आदळते, त्यावरून घराने ओळखायचे. 'तिला वाईट वाटलं की मलाही वाटायचं, काका. पण लिहायला बसलो की 'काळजी करू नकोस' याच्यापुढे काही सुचायचं नाही. मग मी यंत्राला सगळं सांगायचो. तिला काय झालंय, मला काय वाटतंय. ते लिहून द्यायचं. मी वाचायचो आणि वाटायचं, हेच तर मला म्हणायचं होतं!'

हे शेवटचे वाक्य मला खोटे वाटले नाही. जीपीओसमोर उकिडवा बसलेला माणूस पत्र वाचून दाखवल्यावर हेच म्हणत असणार.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याची बाजू मी भाचीला सांगितली, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'मीही यंत्र वापरत होते. पण लिहायला नाही, वाचायला.' म्हणजे असे, की त्याचा प्रत्येक निरोप ती यंत्रापुढे टाकी आणि विचारी, हा मनापासून बोलतोय का? याच्या स्वभावाविषयी काय कळतं? एकाने यंत्राकडून लिहून घेतले, दुसरीने यंत्राकडून वाचून घेतले. सात महिने दोन यंत्रे एकमेकांशी अत्यंत सौजन्याने बोलत होती, आणि दोन भली माणसे दोन खंडांत त्यांच्या मागे बसून होती. मला कादंबरीत हे सुचले असते, तर संपादकांनी 'ओढूनताणून आणले आहे' म्हणून परत पाठवले असते.

भाचीचे म्हणणे, की तिचे वेगळे. ती समजून घेत होती, तो सोंग घेत होता. मला हे इतके सरळ वाटेना. मी तिला म्हटले, यंत्राने तुला काय काय सांगितले ते दाखव. तिने दाखवले. त्यातल्या एका दिवसाविषयी सांगण्यासारखे आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. त्याने रात्री लिहिले, 'दमलोय. उद्या बोलू.' दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसेच तीन शब्द. तिने हे दोन्ही निरोप यंत्रापुढे ठेवून विचारले, 'हा मला टाळतोय का?' यंत्राने मुद्देसूद उत्तर दिले. भावनिक जवळीक टाळणाऱ्या माणसांची लक्षणे सांगितली आणि तू स्वतःच्या मर्यादा आखून घ्याव्यास असे सुचवले. तिने आखल्या. तीन आठवडे ती तुटक वागली. आता उलगडा झाला तो असा : त्या आठवड्यात त्याच्या वडिलांना छातीत दुखते म्हणून दवाखान्यात ठेवले होते. अँजिओग्राफी झाली. याने तिला सांगितले नाही, कारण 'उगाच कशाला तिच्या जिवाला घोर.' आणि तिच्या तुटकपणाचा अर्थ त्याने, तोही यंत्राला विचारून, असा लावला, की मुलीला आपला कंटाळा आला आहे; म्हणून पुढचे निरोप अधिकच सजवून घेतले.

बँकेत मी चार वर्षे चौकशी अधिकारी होतो. कर्मचाऱ्यावर आरोप ठेवला की चौकशी होते, आरोप करणाऱ्याचे म्हणणे, कर्मचाऱ्याचे म्हणणे, कागद, साक्षी. कधी कर्मचारी वारंवार बोलावूनही येत नाही, तेव्हा एकतर्फी चौकशी करावी लागते. ती कायदेशीर असते, पण तिचा अहवाल लिहिताना हात जड होतो. कारण एका बाजूचे ऐकले की ती बाजू खरीच वाटते. खोटे बोलणारा फार थोडा असतो. बाकीचे सगळे आपल्याला दिसले तेवढे खरे सांगत असतात.

यंत्रापुढे चालते ती ही एकतर्फी चौकशी. त्यात आणखी एक गंमत आहे. चौकशी अधिकाऱ्याचा पगार आरोप करणाऱ्याकडून येत नाही. ही यंत्रे मात्र ज्याने प्रश्न विचारला त्याला बरे वाटेल असे बोलण्याकडे झुकतात, कारण लोकांनी पसंत केलेल्या उत्तरांवरूनच ती घडवली जातात. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती इतकी तोंडपुजी निघाली, की कोणी काहीही म्हटले तरी 'वा, किती छान विचार!' असे चालले होते. कंपनीला काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. मागे घेतली हे बरेच झाले. पण मूळचा झुकाव एका आवृत्तीपुरता नसतो. 'हा मला टाळतोय का?' या प्रश्नातच उत्तर बसलेले आहे, आणि यंत्र ते बाहेर काढून हातावर ठेवते.

मी भाचीला म्हटले, तेच दोन निरोप पुन्हा त्याच यंत्रापुढे ठेव, पण वेगळे विचार. 'दमलोय, उद्या बोलू' असे एखादा माणूस कोणकोणत्या कारणांनी लिहील? आणि त्याच्या जिवाला बरे वाटेल असे मी त्याला काय विचारू? तिने विचारले. पाच कारणे आली. त्यांत तिसरे होते, 'घरात कुणाचे तरी आजारपण असू शकते आणि ते लिहून सांगणे त्याला अवघड जात असेल.' प्रश्नही सुचवला होता : 'आवाज ऐकायचा होता, दोन मिनिटं फोन करू का?' यंत्र तेच, निरोप तेच. फक्त पहिल्या वेळी तिने निकाल मागितला होता आणि दुसऱ्या वेळी प्रश्न.

या दिशेने केलेले काम निष्फळ ठरत नाही, याला आधार आहे. 'टॉकलाइफ' नावाचे एक व्यासपीठ आहे. मनाने खचलेली माणसे तिथे लिहितात आणि त्यांच्यासारखीच साधी माणसे त्यांना धीर देतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा ३०० मदतनिसांवर केलेला प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. यंत्राने उत्तर लिहून द्यायचे नाही. मदतनीस स्वतः लिहीत असताना 'हे वाक्य जरा असे करता येईल', 'इथे त्यांचे दुःख तुम्हाला पोचले हे सांगा' एवढेच सुचवायचे. घेणे न घेणे लिहिणाऱ्याच्या हाती. उत्तरांतली सहानुभूती एकंदरीत १९.६ टक्क्यांनी वाढली. आणि ज्यांना 'मला असं लिहिणं जमत नाही' असे वाटत होते त्यांच्यात ती वाढ जवळजवळ दुप्पट, ३८.९ टक्के, होती. आमच्या चिंचवडच्या मुलासारख्यांना याचा फायदा सर्वांत अधिक, असाच याचा अर्थ.

दुसरा अभ्यास २०२४चा, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला. यंत्राने लिहिलेली उत्तरे वाचून लोकांना 'माझं कुणीतरी ऐकून घेतलं' असे माणसाच्या उत्तरांपेक्षाही जास्त वाटले. पण हे उत्तर यंत्राचे आहे असे सांगितले, की ते वाटणे उतरले. काही लोक यावरून म्हणतात, मग सांगायचेच कशाला? मला हा सल्ला सावकारी वाटतो. अनोळखी माणसाच्या एका उत्तरात तो खपेल. ज्याच्याबरोबर पुढची चाळीस वर्षे एका घरात काढायची, त्याच्याशी हे लपवायचे म्हणजे रोज हिशेब जुळवत बसणे. एक ना एक दिवस एखादी ओळ खोडायची राहतेच.

मराठीचे दुखणे आणखी वेगळे. ही यंत्रे मुख्यतः इंग्रजी वाचून मोठी झालेली. आता मराठी बरे लिहितात, व्याकरणात फारसे चुकत नाहीत. पण धीर देताना त्यांचे इंग्रजी रक्त उसळते. 'मी तुझे ऐकत आहे', 'हे तुझ्यासाठी किती कठीण असेल' अशी वाक्ये येतात. आपल्याकडे माणूस जवळ बसतो आणि 'जेवलीस का?' विचारतो. 'बघू' म्हणजे बहुधा नाही. 'तुमचं चालू द्या' म्हणजे चालू देऊ नका, मला विचारा. एरवी 'तू' म्हणणारी बायको अचानक 'तुम्ही' म्हणाली, की दिवसाचे बाकीचे बेत रद्द. मी माझ्यापुरता एक प्रयोग केला. एका आईचा मुलाला गेलेला काल्पनिक निरोप, 'ठीक आहे. तुमचं चालू द्या. आम्हाला काय!' यंत्रापुढे ठेवला. ते म्हणाले, आईने निर्णय मान्य केला आहे व पाठिंबा दिला आहे. मग त्याआधीची बारा वाक्ये दिली, दिवाळी, तिकिटे, रद्द झालेली रजा. लगेच म्हणाले, आई बहुधा दुखावली आहे. म्हणजे त्याला समजत नाही असे नाही, मागचे ठाऊक नसते. घरातल्या माणसाला चाळीस वर्षांचे मागचे ठाऊक असते.

आणि गुप्ततेचे काय? बँकेत रुजू होताना आम्ही निष्ठा व गुप्ततेच्या घोषणापत्रावर सही केली होती. ग्राहकाच्या खात्यात काय आहे ते बायकोलाही सांगायचे नाही. भाचीने त्याचे निरोप त्याला न विचारता यंत्राला दाखवले, त्याने तिच्या आजीचे आजारपण सांगितले. दोघांनाही यात काही वावगे वाटले नव्हते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत यंत्राने माणसाच्या भावना ताडण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे. साहेबाने तुमचा चेहरा यंत्राकडून वाचून घेऊ नये म्हणून कायदा झाला. जवळच्या माणसाच्या पत्रांबाबत कायदा काय करणार? तिथे विचारून दाखवावे, निदान नावगाव काढून दाखवावे. एवढे पथ्य मी तरी दोघांना घातले आहे.

दोघे आता काय करतात? हॉलची चौकशी बहिणीने थांबवली आहे, रद्द केलेली नाही. बुधवारी आणि रविवारी फोनवर बोलतात, चित्र न लावता, नुसता आवाज. त्याला तेवढे सोपे जाते. पहिल्या फोनवर म्हणे साडेचार मिनिटे कुणीच काही बोलले नाही, आणि कुणी ठेवलाही नाही. लिहितो तो स्वतःच, आणि यंत्राला दाखवलेच तर तसे सांगतो : 'हे दाखवून घेतलंय.' यावर ती चिडवते. यंत्राला ती अजूनही विचारते, पण त्याच्याविषयी कमी आणि स्वतःच्या लिहिण्याविषयी अधिक : हे वाचून तो दुखावेल का? निरोप त्याचे आता आखूड असतात. परवाचा तिने मला वाचून दाखवला : 'आज डब्यात भोपळा होता. बाबा चालून आले दोन किलोमीटर. तुझी आठवण आली.' मधल्या वाक्याचा आणि तिसऱ्याचा संबंध काय, असे मी विचारले, तर म्हणाली, 'तू नको त्यात पडूस, मामा.'

डिसेंबरात ती येते आहे. मुलाने मला काल फोन करून विचारले, 'काका, समोर आल्यावर मी नेमकं काय बोलू?' मी त्याला विमानाची वेळ सांगितली आणि म्हटले, मुंबईला पहाटे उतरते आहे, तू चिंचवडहून रात्रीच नीघ.